शेळीच्या दुधाचं दही : सैल, पण पाण्याचं नव्हे

मैत्रिणींनो, दह्याच्या बाबतीत आपण सगळ्याजणी म्हशीच्या दुधानं लाडावलेल्या आहोत. रात्री कोमट दुधात चमचाभर विरजण घालावं, वर झाकण ठेवावं, आणि सकाळी सुरीनं वडी पाडावी असं दही हजर! भांडं तिरकं केलं तरी जागचं हलत नाही. असं दही लागलं की दूध चांगलं, नाही लागलं की दुधात पाणी, हा आपला वर्षानुवर्षांचा हिशोब. आपल्या आयांचाही तोच होता. गवळ्याशी भांडायचं तर पुरावा म्हणून दह्याचं भांडंच पुढे करायचं.

हाच हिशोब शेळीच्या दुधाला लावला की काय होतं, ते गेल्या थंडीत आमच्या इमारतीत पाहायला मिळालं. म्हणून आज या विषयावर लिहायला घेतलं आहे. शेळीच्या दुधाचं दही घरी कसं लावायचं हे तर सांगतेच, पण ते सैल का असतं हे आधी सांगणं जास्त जरुरीचं आहे. त्यात एका बाईच्या पोटाचा प्रश्न अडकलेला होता.

आम्ही नेरूळला राहतो, सिडकोच्या जुन्या वसाहतीत. 17 मार्च 1970 रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या 95 गावांच्या जमिनीवर हे शहर वसवायचं ठरलं. भातशेती गेली, मिठागरं गेली, पण गावठाणं राहिली, आणि गावठाणांच्या कडेला, डोंगराच्या उताराला चार-दोन शेळ्याही राहिल्या. अशाच एका गावठाणातल्या मावशी आमच्याकडच्या काही घरांत शेळीचं दूध घालतात. त्यांच्याकडे सात शेळ्या. त्यांतल्या एका वेळी दुधात असतात तीन किंवा चार. म्हणजे करडांचं भागवून विकायला किती दूध उरत असेल, तुम्हीच विचार करा.

आमच्याकडे हे दूध सुरू झालं ते डेंग्यूमुळे. दिवाळीच्या सुमाराला दोन-तीन घरांत डेंग्यू झाला, कुणीतरी सांगितलं की शेळीच्या दुधानं प्लेटलेट वाढतात, आणि मावशींचा शोध लागला. (या डेंग्यूच्या गोष्टीकडे मी पुढे येणार आहे, ती तशीच सोडायची नाही.) आजारी माणसं बरी झाली, दूध मात्र चालू राहिलं. मग एकीनं हौसेनं त्याचं दही लावलं. सकाळी झाकण काढून पाहते तो काय, नुसती पेज! पळीनं ओतता येईल इतकं पातळ. साय तर नावाला नाही. झालं, जिन्यात चर्चा सुरू झाली. ‘‘मावशी दिसतात गरीब, पण पाणी घालतात हो!’’ आठवड्याभरात तीन घरांनी दूध बंद केलं. तुम्हा-आम्हाला तीन घरं म्हणजे काही नाही. सात शेळ्यांच्या धन्यिणीला तीन घरं म्हणजे महिन्याचा किराणा.

मला मात्र शंका येत होती. लहानपणी आजोळी शेळीचं दूध पाहिलेलं होतं, पण त्याचं दही कुणी लावलेलं आठवत नव्हतं. म्हातारी माणसं आणि लहान मुलं ते नुसतं प्यायची. आमच्या शाळेत (मी अर्धा दिवस शिकवायला जाते) विज्ञानाच्या बाई आहेत, त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘‘आधी धार तुमच्या डोळ्यांसमोर काढून आणा, मग बोलू.’’

मग एका रविवारी मी आणि शेजारच्या दोघी, तिघी मिळून सकाळी साडेसहाला मावशींच्या गोठ्यावर गेलो. त्या दोघींपैकी एकीनं दूध बंद केलेलं होतं, तिला मुद्दाम नेलं. मावशींनी कास धुतली, पुसली, पहिल्या दोन धारा जमिनीवर सोडल्या, आणि आमच्याच स्टीलच्या बरण्यांत धार काढून दिली. पाण्याचा थेंब जवळपास नव्हता. घरी येऊन तिघींनी आपापल्या पद्धतीनं, म्हणजे म्हशीच्या दुधाला करतो त्याच पद्धतीनं, दही लावलं. संध्याकाळी तीन घरांत तीन भांडी उघडली. तिन्ही दही सैल! भांडं हलवलं की लाटा येत होत्या. सायही तिन्हींवर सारखीच, म्हणजे जवळजवळ नाहीच.

आता यामागचं कारण ऐका. बाईंनी मला समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. दुधात केसिन नावाचं प्रथिन असतं. विरजणातले जिवाणू दुधातली साखर खाऊन आंबटपणा तयार करतात आणि त्या आंबटपणानं हे केसिन एकमेकांना धरून जाळं विणतं. त्या जाळ्यात पाणी आणि स्निग्धांश अडकून बसतात. हेच आपलं दही. म्हशीच्या दुधात केसिनही भरपूर, स्निग्धांशही भरपूर, सहा-सात टक्के. त्यामुळे जाळं दाट. शेळीच्या दुधात केसिनचा एक विशिष्ट प्रकार, जो जाळं घट्ट बांधतो, तो कमी असतो. लोकरीचा स्वेटर विणताना टाके सैल घेतले तर कापड कसं ढिलं पडतं, तसंच. स्निग्धांशही साधारण साडेतीन ते साडेचार टक्के, गाईच्या दुधासारखाच. आणि सगळं मिळून घन भाग म्हशीच्या दुधात सोळा-सतरा टक्के, तर शेळीच्या दुधात बारा-तेरा. मग वडी पडणार कुठून?

सायीचंही तसंच. शेळीच्या दुधातले स्निग्धांशाचे कण फार बारीक असतात, आणि ते एकमेकांना धरून वर आणणारा पदार्थ त्या दुधात नसतो. त्यामुळे ते कण वर न येता दुधातच विखुरलेले राहतात. साय आली नाही म्हणजे दुधातला कस काढून घेतला, असं नव्हे. कस आहे, फक्त तो वर येऊन दिसत नाही. म्हणून या दुधाचं लोणी-तूप घरी करण्याच्या भानगडीत पडू नका, कष्ट जास्त आणि हाती लागणार थोडं.

हे कारण कळल्यावर त्या तिघींपैकी दोघींनी दूध पुन्हा सुरू केलं. तिसरी म्हणाली, मला त्याचा वासच सोसत नाही. ते ठीक आहे, आवडनिवड ज्याची त्याची. पण ‘पाणी घालतात’ हे शब्द तिनं मागे घेतले, आणि तेही जिन्यातच, सगळ्यांसमोर. मावशींना एवढंच हवं होतं.

वासाचं म्हणाल तर त्यालाही इलाज आहे. शेळीच्या स्निग्धांशात काही आम्लं अशी असतात की त्यांची शास्त्रीय नावंच लॅटिनमधल्या शेळीवाचक शब्दावरून पडली आहेत: कॅप्रोइक, कॅप्रिलिक, कॅप्रिक. दूध उबेत पडून राहिलं, फार हिंदकळलं, की ही आम्लं सुटी होतात आणि उग्र दर्प येतो. गोठ्यात बोकड शेजारी बांधलेला असेल तर त्याचाही वास दुधाला लागतो. मावशींकडे बोकड नाही, आणि त्यांचं दूध तासाभरात आमच्या हातात येतं, त्यामुळे त्याला वास जवळजवळ नसतोच. तुम्ही दूध घेत असाल तर या दोन गोष्टी विचारून घ्या. आणि आपल्या नवी मुंबईच्या दमट हवेत दूध ओट्यावर ठेवून बाजारात जाऊ नका. आल्याबरोबर गाळून गॅसवर चढवा.

आता दही लावायची रीत. एक लिटर दूध घ्या. दुहेरी मलमलच्या फडक्यातून गाळा, कारण शेळीच्या दुधात केस येण्याचा संभव असतो. जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर तापवायला ठेवा. एक उकळी आली की आच अगदी बारीक करा आणि मधूनमधून ढवळत, बुडाला लागू न देता, एक लिटरचं पाऊण लिटर होईपर्यंत आटवा. अर्धापाऊण तास लागतो. मंद आच यासाठी की भसाभसा उकळलं की दूध करपतं आणि तो करपट वास दह्यात उतरतो. हे आटवणं म्हणजेच सगळी किमया आहे. हिशोब करून पाहा, बारा-तेरा टक्क्यांचा घन भाग एक लिटरऐवजी पाऊण लिटरात आला की तो सोळा-सतरा टक्क्यांवर जातो, म्हणजे म्हशीच्या दुधाइतकाच! शिवाय बराच वेळ तापल्यानं दुधातली दुसरी प्रथिनं, जी एरवी निवळीबरोबर निघून जातात, ती केसिनला चिकटतात आणि पाणी धरून ठेवतात. पाव लिटर दूध कमी झालं म्हणून हळहळू नका, दुधातलं पाणीच काय ते गेलं.

आटवायला वेळ नसेल तर लिटरमागे तीन मोठे चमचे दुधाची पावडर थोड्या गार दुधात गुठळी न होऊ देता कालवून तापवण्यापूर्वीच घालतात. यानंही दही घट्ट होतं. पण बाजारातली पावडर बहुधा गाईच्या किंवा म्हशीच्या दुधाची असते, आणि मग शेळीचं दूध घेण्यात काय राहिलं? मला स्वतःला आटवणंच पसंत आहे. रात्रीचा स्वयंपाक चालू असताना एका शेगडीवर ते आपोआप होतं.

दूध आटलं की निवू द्या. करंगळी बुडवून सावकाश दहा आकडे मोजता आले, चटका बसला नाही पण ऊब जाणवली, की विरजणाची वेळ झाली. थर्मामीटर असेल तर 42-43 अंश सेल्सिअस. यापेक्षा फार गरम असेल तर जिवाणू मरतात, गार असेल तर त्यांचं काम रेंगाळतं आणि दही लागायच्या आधी आंबतं. विरजण ताजं, गोडसर हवं. चार दिवसांचं आंबट विरजण टाकलंत तर दही आंबटही होईल आणि पाणीही सोडेल. पाऊण लिटरला दोन चहाचे चमचे पुरेत. ‘घट्ट व्हावं म्हणून’ जास्त विरजण घालण्याची आपल्याकडे एक चुकीची समजूत आहे. जास्त विरजणानं दही लवकर आंबतं, घट्ट होत नाही. विरजण वाटीत थोड्या दुधात फेटून एकजीव करा, मग पातेल्यात घालून एकदाच हलक्या हातानं ढवळा.

दही कशात लावता यालाही महत्त्व आहे. स्टीलच्या भांड्यात लागतं, चिनी मातीच्या बरणीत लागतं, पण शेळीच्या दह्याला सगळ्यांत मानवतं ते साधं मातीचं बोळकं. माती थोडं पाणी शोषून घेते आणि तेवढंच दही आवळून येतं. संक्रांतीची सुगडं आपल्याकडे दरवर्षी पडून असतात, नाही का? त्यांतली रंग न दिलेली घ्या, आत-बाहेर घासून धुवा, हळदीकुंकवाचा अंश राहू देऊ नका, एक दिवस पाण्यात बुडवून ठेवा, मग पाण्यात उकळून उन्हात वाळवा. रंगीत, चमकदार लेप दिलेली मात्र नकोत. त्या रंगात काय असतं कुणास ठाऊक!

मग भांडं झाकून अशा जागी ठेवा जिथे त्याला कुणाचा धक्का लागणार नाही. हे दही नाजूक असतं, अर्धवट लागलेलं असताना हलवलंत तर पुन्हा जमत नाही. मे महिन्यात ओट्यावरच पाच-सहा तासांत लागतं. डिसेंबर-जानेवारीत मात्र आमच्याकडे रात्री चांगल्याच गार असतात. तेव्हा प्रेशर कुकरमध्ये बोटभर कोमट पाणी घालून त्यात भांडं ठेवा, वर झाकण टाका आणि कुकरला जुनी शाल गुंडाळा. किंवा आपल्या आयांप्रमाणे तांदळाच्या डब्यात पुरून ठेवा. नऊ-दहा तास धरून चाला. दही लागलं की लगेच खायला घेऊ नका. तसंच्या तसं चार तास फ्रीजमध्ये ठेवा. गार झाल्यावर ते जितकं आवळतं, तितकं दुसऱ्या कशानंही आवळत नाही. बऱ्याच जणी इथेच घाई करतात, लागल्याबरोबर चमचा घालतात आणि ‘सैल आहे’ म्हणून मोकळ्या होतात.

एवढं सगळं करूनही ते म्हशीच्या दह्यासारखं कवडीदार होईल, अशी अपेक्षा ठेवू नका. ते मऊ, चमच्यातून घरंगळणारं, पांढरं शुभ्र होतं. चव हलकी, किंचित खारटपणाकडे झुकणारी. आमच्याकडे सासूबाईंना ते दहीभाताला आवडतं, मुलांना साखर घालून. ह्यांना मात्र ते ‘दही’ म्हणवतच नाही, ते त्याला ‘दाट ताक’ म्हणतात. म्हणोत बापडे!

आता ज्या गोष्टी सांगितल्याशिवाय हा लेख पुरा करता येणार नाही, त्या. शेळीच्या दुधाभोवती आपल्याकडे औषधाचं एक वलय आहे. त्याला थोडा हातभार गांधीजींनीही लावला असेल. 1918 साली खेडा जिल्ह्यात असताना त्यांना आमांशाचा जबर आजार झाला. गाई-म्हशींना दुधासाठी जो छळ सोसावा लागतो त्याच्या विटानं त्यांनी काही वर्षांपूर्वीच दूध सोडलेलं होतं. पुढे मुंबईत डॉक्टर दलाल यांनी दूध घेतल्याशिवाय शरीर भरून येणार नाही असं बजावलं, तेव्हा कस्तुरबा म्हणाल्या, शेळीच्या दुधाला तर तुमची हरकत नसावी? आणि 1919 च्या आरंभी शेळीचं दूध सुरू झालं ते कायमचं. व्रताचं अक्षर पाळलं, आत्मा मोडला, असं गांधीजींनी आत्मकथेत मोकळेपणानं लिहून ठेवलं आहे. मला मात्र यात कस्तुरबांचं व्यवहारज्ञान दिसतं. आजारी नवऱ्याला दोन घास जावेत म्हणून वाट काढणारी बाई घराघरांत असते. पण लक्षात घ्या, गांधीजींनी शेळीचं दूध औषध म्हणून घेतलं नव्हतं, दुसरं दूध चालत नव्हतं म्हणून घेतलं.

डेंग्यूत शेळीच्या दुधानं प्लेटलेट वाढतात याला वैद्यकशास्त्राचा आधार नाही. डेंग्यूतून बहुतेक माणसं काही दिवसांत सावरतात आणि प्लेटलेट आपोआप चढतात. त्या वेळी जे काही पाजलं जात असेल त्याला श्रेय मिळतं. रोग्यानं दूध प्यायलं तर बिघडत नाही, पण त्याच्या भरवशावर रक्ततपासणी आणि डॉक्टर टाळू नका. आणि ‘कच्चंच प्यायला हवं, तरच गुण येतो’ असं कुणी सांगितलं तर मुळीच ऐकू नका. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस नावाचा ताप येतो, वर-खाली होत महिनोन्‌महिने टिकणारा. माल्टा बेटावर इंग्रज सैनिक आणि खलाशी या तापानं बेजार होत. तिथे शेळ्या दारोदार नेऊन गिऱ्हाइकासमोर धार काढण्याची पद्धत होती, आणि शेळ्या तर अगदी निरोगी दिसत. 1905 साली तिथल्याच झामित नावाच्या डॉक्टरानं दाखवून दिलं की रोग या निरोगी दिसणाऱ्या शेळ्यांच्या दुधातूनच येतो. दूध बंद झाल्यावर सैनिकांतला ताप झपाट्यानं ओसरला. तेव्हा धार कितीही डोळ्यांसमोर काढलेली असो, एक उकळी हवीच.

यापेक्षाही मला काळजी वाटते ती तान्ह्या बाळांची. ‘आईचं दूध पुरत नाही, शेळीचं पचायला हलकं, ते द्या’ हा सल्ला अजून दिला जातो. आमच्याच भागात एका घरी चार महिन्यांच्या बाळाला तो दिला जाणार होता. मैत्रिणींनो, पहिले सहा महिने आईचं दूध, आणि ते नसेल तर डॉक्टर सांगतील तो आहार. शेळीच्या दुधात फोलेट हे जीवनसत्त्व फार कमी असतं. 1920 च्या सुमाराला जर्मनीत नुसत्या शेळीच्या दुधावर वाढवलेल्या बाळांना एक विशेष प्रकारचा रक्तक्षय होताना दिसला, आणि त्याला तिथे ‘शेळीच्या दुधाचा रक्तक्षय’ असंच नाव पडलं. गाईचं असो की शेळीचं, वरचं दूध वर्षाच्या आत मुख्य आहार म्हणून द्यायचं नाही. सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू झालं की चमचा-दोन चमचे दही मऊ भातात कालवून द्यायला हरकत नसते, पण तेही आधी डॉक्टरांना विचारून. त्या घरच्या आजींना मी हेच सांगितलं. आधी त्या रागावल्या, ‘‘आमची मुलं काय वाढली नाहीत?’’ म्हणाल्या. पण सून बाळाला दवाखान्यात घेऊन गेली आणि तिथेही हेच सांगितलं गेलं.

दुसरं म्हणजे ॲलर्जी. ज्या मुलाला गाईच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी आहे, अंगावर पित्त उठतं, उलट्या होतात, दम लागतो, त्याला ‘गाईचं नाही ना चालत, मग शेळीचं देऊन पाहू’ असा प्रयोग घरी अजिबात करू नका. दोन्ही दुधांतली प्रथिनं इतकी सारखी असतात की अशा बहुतेक मुलांना शेळीचंही दूध बाधतं. आणि दह्यात तर विरजणही बहुधा गाई-म्हशीचंच असतं, ते वेगळंच!

ज्यांना दूध प्यायलं की पोट फुगतं, गॅस होतो, त्यांचं प्रकरण निराळं आहे. त्यांना दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचत नाही. शेळीच्या दुधात ती गाईच्या दुधाहून किंचितच कमी असते. दह्यात मात्र तिचा काही भाग जिवाणूंनी संपवलेला असतो, म्हणून दही सोसतं. ते कुठल्याही दुधाचं असलं तरी सोसतं. त्यासाठी शेळी शोधत फिरायला नको.

मग एवढा खटाटोप करायचा कशाला, असं तुम्ही विचाराल. मी तरी चवीसाठी करते. शिवाय घराजवळ एक बाई ताजं दूध देते आहे, तर ते घ्यावं असं मला वाटतं. आपल्या महाराष्ट्रात चांगल्या जातीच्या शेळ्यांना तोटा नाही. काळीभोर उस्मानाबादी (जिल्ह्याचं नाव 2023 साली धाराशिव झालं, शेळीचं नाव मात्र तेच राहिलं), नगर-नाशिककडची संगमनेरी, आपल्या कोकणातली कन्याळ. पण दूध देतात त्या दिवसाला अर्धा लिटर, फार तर लिटर, आणि त्यावरच करडंही वाढायची असतात. गाईपेक्षा हे दूध महाग का, याचं उत्तर त्यातच आहे. सिन्नरला तर शेळ्या पाळणाऱ्या बायकांनी सावित्रीबाई फुल्यांच्या नावानं स्वतःची उत्पादक कंपनी काढली आहे, सभासद सगळ्या बायकाच. आमच्या मावशींच्या मागे असं कुणी नाही. त्यांची पत म्हणजे जिन्यातल्या बायका काय बोलतात तेवढीच.

शेळी वर्षभर दूध देत नाही, काही महिन्यांनी आटते. मावशींनी ‘आता पुढचे दोन महिने कमी येईल’ असं सांगितलं की मी विरजणाची तजवीज करून ठेवते. ताजं दही लागलं की त्यातलं वरचं दोन चमचे काढून, घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत, फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात. तीन-चार आठवडे चालतं. वापरायच्या आदल्या रात्री खालच्या कप्प्यात काढून ठेवायचं. पहिलं दही जरा उशिरा लागतं, दुसरं नेहमीसारखं.

उरलेलं दही आंबलं तर फेकू नका. फडक्यात बांधून रात्रभर टांगलं की मऊ चक्का मिळतो. म्हशीच्या मानानं कमी, लिटरमागे पाव किलोच्या आसपास. त्यात मीठ, जिरेपूड, वाटलेली हिरवी मिरची आणि कोथिंबीर घालून भाकरीबरोबर खाऊन पाहा. श्रीखंडाच्या वाटेला जाऊ नका, ते बसत नाही, पसरतं. खाली गळलेल्या निवळीत पोळ्यांची कणीक भिजवा, पोळ्या मऊ होतात. आणि कढी करायची असेल तर बेसन नेहमीपेक्षा अर्धा चमचा जास्त घाला, दह्यात गारच असताना नीट घुसळा, आणि गॅसवर ठेवल्यापासून पळी हातातून सोडू नका. कडेनं बुडबुडे दिसायला लागले की उतरवा. खळखळून उकळलीत तर फुटलीच म्हणून समजा.